छाटणीची कात्री आणि काचेच्या पेटीतलं बाळ

वाचकहो, या पानावर आपण एरवी बी-बियाणं, खतं, फवारणी, दूधदुभतं यांवर बोलतो. आज विषय थोडा वेगळा आहे. कमी दिवसांच्या बाळांना दवाखान्यात ज्या खोलीत काचेच्या पेटीत ठेवतात, त्या खोलीविषयी आज बोलायचं आहे. कृषी खात्यातल्या माणसाला हा उपद्व्याप कशाला सुचला, असं तुम्ही म्हणाल. पण विषय तुमच्या-आमच्या घरातलाच आहे. आणि त्यातलं मर्म, डाळिंबाच्या बागेत एक दिवस जरी छाटणी केलेली असेल त्याला चटकन कळण्यासारखं आहे.

दारावरच अडवलं

गोष्ट २०२३ च्या पावसाळ्यातली. त्या वर्षी जुलैत राज्यात डोळे येण्याची मोठी साथ आली होती, हे तुम्हाला आठवत असेल. आळंदीतल्या शाळकरी पोरांपासून ते बुलढाण्याच्या खेड्यापाड्यांपर्यंत जिकडं बघावं तिकडं लाल डोळे. त्याच दिवसांत माझी धाकटी भावजय एकतिसाव्या आठवड्यातच बाळंत झाली. मुलगी झाली. वजन जेमतेम साडेतेराशे ग्रॅम. तिला लगेच सरकारी दवाखान्याच्या नवजात शिशू कक्षात, म्हणजे आपण म्हणतो त्या पेटीत, ठेवलं.

मी चौथ्या दिवशी पुतणीला बघायला गेलो. आदल्या दिवसापासून माझा डावा डोळा खुपत होता. डोळ्यात कचरा गेला असेल म्हणून काळा गॉगल लावला आणि निघालो. कक्षाच्या दारात चपला काढल्या, हातावर सॅनिटायझर घेतलं आणि आत पाऊल टाकणार, तोच सिस्टर आडव्या आल्या.

“दादा, गॉगल काढा बघू.”

काढला. डोळा लालभडक. “तुम्हाला आत जाता येणार नाही,” सिस्टर म्हणाल्या. मी म्हटलं, “अहो सिस्टर, मी तिचा चुलता आहे, लांबून काचेतून बघतो, हात लावत नाही.” त्या म्हणाल्या, “तुम्ही दाराचा हँडल धरलाच की. आता तोच हात सगळ्यांचा.” आणि त्यांनी माझ्यादेखत तो हँडल ओल्या फडक्यानं पुसून काढला.

खोटं कशाला सांगू, मला राग आला. गावात शेतकरी आपल्याला साहेब म्हणतात आणि इथं ही बाई दारातूनच परत लावते! आवारातल्या लिंबाखाली आई बसली होती, तिच्याजवळ जाऊन तणतणलो. आईनं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, “त्या बाईनं बरोबर केलं. आत तुझी एकटीचीच पुतणी नाही, वीस लेकरं हायेत.”

घरी परतताना गाडीवर विचार आला. गेली दहा वर्षं मी गावोगाव ओरडून सांगतोय की एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना कात्री औषधाच्या पाण्यात बुडवा. आणि आज मीच न बुडवलेली कात्री घेऊन बागेत शिरत होतो.

कात्रीचं गणित

डाळिंबवाल्यांना तेल्या माहीत आहे. नवख्यांसाठी सांगतो, तेल्या हा जिवाणूंमुळे होणारा रोग. तो पावसाच्या उडणाऱ्या थेंबांबरोबर पसरतो, रोगट रोपांबरोबर येतो, आणि छाटणीच्या कात्रीवर बसूनही फिरतो. एका रोगट फांदीला कात्री लागली की पुढच्या झाडाच्या ताज्या जखमेत ती रोग ठेवून येते. मजुराचा काही वाईट हेतू नसतो. तो बिचारा झाडाच्या भल्यासाठीच छाटत असतो. म्हणून सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात कात्री बुडवायची आणि मग पुढच्या झाडाला लावायची, ही शिफारस आहे.

दूधवाल्यांचंही तेच. कासेला दगडी झालेली म्हैस असेल तर तिची धार सगळ्यात शेवटी काढायची, आणि मग हात नीट धुवायचे. नाहीतर पिळणाऱ्याचा हातच गोठाभर रोग वाटत सुटतो.

आता ध्यानात घ्या. डोळे येण्याचा विषाणू वेगळा, तेल्याचा जिवाणू वेगळा. पण दोघांच्या प्रवासाची रीत एकच. हात, हत्यार आणि फडकं. एखाद्याच्या डोळ्यात नुसतं बघितल्यानं डोळे येतात हा आपल्याकडचा जुना समज आहे, तो खरा नाही. डोळ्यातलं पाणी हाताला लागतं, हात वस्तूला लागतो, वस्तू दुसऱ्याच्या हाताला आणि तो हात त्याच्या डोळ्याला. म्हणून गॉगल लावल्यानं साथ थांबत नाही. माझ्या गॉगलनं तर उलट रोग झाकला.

फिलाडेल्फियात काय झालं

पुतणीचं वजन वाढत गेलं. चौथ्या आठवड्यात डोळ्यांचे डॉक्टर तिची तपासणी करायला आले. माझा डोळा केव्हाच बरा झाला होता, पण मी मुकाट बाहेरच थांबलो होतो. तपासणी झाल्यावर डॉक्टर बाहेर आले तेव्हा मी त्यांना सिस्टरची गोष्ट हसत हसत सांगितली. ते हसले नाहीत. त्यांनी मला अमेरिकेतल्या एका घटनेविषयी सांगितलं.

अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात लहान मुलांचं एक फार नावाजलेलं रुग्णालय आहे. २०१६ साली तिथल्या नवजात अतिदक्षता विभागात अडिनो नावाच्या विषाणूची साथ आली. २३ बाळांना लागण झाली. काहींचे डोळे सुजले, लाल झाले, आणि सगळ्यांनाच श्वसनाचा त्रास झाला. काही बाळांना न्यूमोनिया झाला. जवळपास निम्म्या बाळांना श्वासासाठी आधीपेक्षा जास्त आधार द्यावा लागला. काही कर्मचाऱ्यांना आणि पालकांनाही लागण झाली.

तिथल्या लोकांनी शोध घेतला तेव्हा एक धागा सगळीकडं सारखा निघाला. लागण झालेल्या प्रत्येक बाळाच्या डोळ्यांची तपासणी झालेली होती. मग तपासणीची उपकरणं तपासली. डॉक्टर हातात धरतात त्या भिंगावर आणि डोक्याला बांधतात त्या दिव्याच्या यंत्रावर विषाणूचे अंश सापडले. दोन बाळांच्या मध्ये ही उपकरणं पुसण्याची ठरलेली पद्धत नव्हती, आणि हातमोज्यांचा वापरही कमीच होता. लपवाछपवी न करता त्या रुग्णालयाच्या डॉक्टरांनी २०१९ साली हे सगळं वैद्यकीय नियतकालिकात छापलं. आपली चूक जगापुढं मांडायला धैर्य लागतं. त्यामुळं इतर दवाखाने शहाणे झाले.

हे काही पहिल्यांदा घडलेलं नाही. १९४१-४२ साली अमेरिकेतल्या जहाजबांधणीच्या गोद्यांमध्ये कामगारांचे डोळे मोठ्या प्रमाणात आले. लोखंडाचा कीस डोळ्यात गेला म्हणून कामगार गोदीतल्या दवाखान्यात जायचे, आणि तिथल्याच हातांतून, उपकरणांतून साथ घेऊन परत यायचे. त्या दुखण्याला ‘गोदीचा डोळा’ अशा अर्थाचं नावच पडलं. म्हणजे जिथं इलाज व्हायचा तिथूनच रोग पसरायचा. पुन्हा तीच कात्री!

कमी दिवसांच्या बाळाचे डोळे तपासतात तरी का?

इथं कुणी म्हणेल, एवढा धोका असेल तर तपासणीच नको. वाचकहो, हा लेख लिहिण्यामागं हीच मोठी भीती आहे. तसं अजिबात करू नका.

दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळाच्या डोळ्याच्या आतला पडदा पुरता तयार झालेला नसतो. त्यावरच्या रक्तवाहिन्या अर्धवट असतात. पुढं त्या वेड्यावाकड्या वाढल्या तर पडदा ओढला जातो, सुटतो, आणि बाळ कायमचं आंधळं होऊ शकतं. वरून बघून काहीच कळत नाही. डोळा छान दिसतो, बाळ टुकूटुकू बघतंय असं वाटतं. कळतं तेव्हा वेळ गेलेली असते. पण वेळेवर तपासलं तर लेसरनं किंवा इंजेक्शननं दृष्टी वाचवता येते.

म्हणून आपल्या देशात नियम असा आहे की ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाची डोळ्यांची पहिली तपासणी जन्मानंतर ३० दिवसांच्या आत झालीच पाहिजे. फारच लहान बाळांची, म्हणजे २८ आठवड्यांच्या आतली किंवा १२०० ग्रॅमच्या आतली, त्याहून लवकर, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात करतात. एका तपासणीनं भागत नाही, डॉक्टर देतील त्या तारखांना पुन्हा यावं लागतं. पेरणी असो, कापणी असो, ऊसतोडीला जायचं असो, ती तारीख चुकवू नका.

तपासणी करताना बाळाच्या डोळ्यात बाहुली मोठी होण्याचे थेंब टाकतात. पापण्या उघड्या राहाव्यात म्हणून छोटं तारेचं उपकरण लावतात. मग डॉक्टर डोक्यावर दिवा बांधून, हातात भिंग धरून आत बघतात. एका दिवसात अशी दहा-पंधरा बाळं ओळीनं तपासली जातात. बागेतल्या ओळीसारखीच ही ओळ. म्हणून हत्यार स्वच्छ हवं.

दवाखान्यानं काय पाळायचं

आमच्या भेटीत डॉक्टरांनी त्यांची पद्धत सांगितली. ती आणि मी नंतर विचारपूस करून गोळा केलेली माहिती एकत्र मांडतो.

पापण्यांचं उपकरण प्रत्येक बाळाला वेगळं, निर्जंतुक केलेलं. एकाचं काढून दुसऱ्याला लावायचंच नाही.

भिंग आणि डोक्यावरचा दिवा प्रत्येक बाळानंतर पुसायचा. दिव्याला डॉक्टरांचा हात वारंवार लागतो, आणि विसर पडतो तो नेमका त्याचाच.

बाळाला हात लावण्याआधी हात धुवायचे, नवे हातमोजे घालायचे, झाल्यावर काढून टाकायचे आणि परत हात धुवायचे. तेच मोजे घालून पुढच्या पेटीकडं जाणं म्हणजे हात न धुण्यासारखंच.

थेंबांच्या बाटलीचं टोक पापणीला लागू द्यायचं नाही. शक्यतो एका बाळाची बाटली एकाच बाळाला.

ज्या बाळाचे डोळे लाल आहेत त्याला वेगळं ठेवायचं, आणि तपासणी लांबवता येत नसेल तर त्याचा नंबर सगळ्यात शेवटी. दगडी झालेल्या म्हशीची धार शेवटी काढतो, तसंच.

कोणत्या बाळाची तपासणी कोणत्या दिवशी, कुणी, कोणत्या उपकरणानं केली याची वहीत नोंद ठेवायची. आजार उठला तर मागचा माग याच वहीतून लागतो.

डोळे आलेल्या डॉक्टर, सिस्टर किंवा सफाई कामगारानं त्या खोलीत काम करायचं नाही. अडिनोच्या डोळ्यांच्या साथीत ही बंदी दोन आठवड्यांपर्यंत ठेवावी लागते. यात त्या माणसाला शिक्षा झाल्यासारखं वाटता कामा नये, नाहीतर तो आजार लपवील. रजा द्यावी, बिनबोभाट.

आता पुसायचं कशानं? इथं एक बारीक गोष्ट आहे. काही विषाणूंच्या अंगावर चरबीचं पातळ आवरण असतं. कोरोनाच्या विषाणूला ते आहे, म्हणून साबणानं आणि सॅनिटायझरनं तो चटकन मरतो. अडिनोला ते आवरणच नाही. तो चिवट आहे. कोरड्या प्लॅस्टिकवर, धातूवर तो कित्येक दिवस, आठवडेसुद्धा टिकून राहू शकतो. नुसत्या स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून त्याचा भरवसा देता येत नाही. डोळ्यांच्या काही उपकरणांसाठी क्लोरीनचं द्रावण सांगतात, म्हणजे पुन्हा आपलं ते कात्रीचंच सोडियम हायपोक्लोराइट! अर्थात कोणत्या भिंगाला कोणतं द्रावण, किती तीव्रतेचं आणि किती मिनिटं हे बनवणाऱ्या कंपनीच्या सूचनेप्रमाणं दवाखान्यानं ठरवायचं असतं. फवारणीत औषधाचं प्रमाण आणि वेळ चुकली की उपयोग शून्य, हे तुम्हाला मी सांगायला नको.

हात मात्र साबणानं आणि वाहत्या पाण्यानं धुवायचे. साबणानं अडिनो मरत नसला तरी चोळून धुतल्यानं तो निघून वाहून जातो.

आपण काय पाळायचं

सगळा भार दवाखान्यावर टाकून आपण मोकळे, असं नाही. बाळ पेटीत असताना आपली अख्खी भावकी दवाखान्याच्या आवारात मुक्कामाला असते. एकच टॉवेल पाचजणांच्या तोंडावरून फिरतो. आजोबांच्या उपरण्यानं नातवंडांची नाकं, डोळे पुसले जातात. म्हणून एवढं करा.

कुणाचेही डोळे लाल असतील, चिकटत असतील, खुपत असतील, सर्दी-ताप असेल तर त्यानं कक्षात जाऊ नये. आजी असो, चुलता असो, नाहीतर गावचा पुढारी असो. दारावर अडवलं तर रागवू नका. अडवलं नाही तर आपणहून सांगा.

आईचेच डोळे आले तर लपवू नका, सिस्टरना लगेच सांगा. लपवण्याचं कारण एकच असतं, बाळापासून तोडतील ही भीती. पण डोळे आले म्हणून आईचं दूध वाईट होत नाही. दूध थांबवायचं नाही. हात स्वच्छ धुऊन, डॉक्टर सांगतील तसं काढून द्यायचं. बाळाला छातीशी कधी घ्यायचं तेही त्यांनाच विचारायचं.

प्रत्येकाचा टॉवेल, रुमाल वेगळा. आत जाताना अंगठी, बांगड्या, घड्याळ काढून कोपरापर्यंत हात धुवा. मोबाईल आत नेऊ नका. दिवसभरात तो किती हातांतून फिरतो याचा विचार करा.

बाळाच्या डोळ्यात काजळ, एरंडेल, मध, गुलाबपाणी, अंगावरचं दूध, काहीही घालू नका. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनानं ड्रॉप आणू नका. विषाणूवर जिवाणूंचं औषध चालत नाही, आणि काही थेंबांत स्टेरॉइड असतं, ते डोळ्याला अपाय करू शकतं.

नवजात बाळाच्या डोळ्यातून पू येत असेल, पापण्या सुजल्या असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ती प्रत्येक वेळी साथच असते असं नाही. जन्माच्या वेळी आईकडून लागलेला जिवाणूही असू शकतो आणि त्यातले काही प्रकार डोळा घालवणारे असतात. दोन दिवस वाट बघू, असं करू नका.

आणि शेवटचं. बाळाची तपासणी होत असेल तेव्हा हात जोडून, आदरानं विचारा, “डॉक्टरसाहेब, भिंग पुसलंय ना?” यात अपमान काही नाही. चांगला डॉक्टर रागावणार नाही. आमच्या डॉक्टरांना मी पुढच्या तपासणीला हे विचारलं. त्यांनी काही न बोलता भिंग आणि दिवा दोन्ही माझ्यासमोर वर धरून दाखवले.

सिस्टरचे आभार

पुतणीच्या डोळ्यांच्या तपासण्या पुऱ्या झाल्या. पडदा व्यवस्थित वाढला. आता ती अंगणात कोंबड्यांच्या मागं धावते आणि दाणे टिपावेत तशी खाली पडलेली तुरीची डाळ एक एक करून वेचते. तिला ती डाळ दिसते, हे आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही, पण बघतात सगळे.

त्या सिस्टरना मी नंतर भेटून आलो. बागेतली दोन किलो डाळिंबं घेऊन गेलो होतो. त्यांना मागचं काही आठवतही नव्हतं. “रोज दोन-चार जणांना परत लावावं लागतं दादा, कुणाकुणाचं लक्षात ठेवू?” म्हणाल्या.

शेतकरी बंधू-भगिनींनो, येत्या छाटणीला कात्री बुडवायची वेळ येईल तेव्हा मजुराला नुसतं “बुडव रे” म्हणू नका. का बुडवायची ते समजावून सांगा. ज्याला बागेत ते कळलं, त्याला दवाखान्याच्या दारात कुणी अडवावं लागणार नाही.